बोटीवर पक्का बसवलेला जीपीएस : मालवणच्या दर्यात किती कामाचा?

मच्छीमाराला जीपीएस आज तीन रूपांत मिळतो : खिशातला मोबाइल, हातात धरायचे स्वतंत्र यंत्र आणि केबिनमध्ये पक्का बसवून बोटीच्या बॅटरीला जोडलेला प्लॉटर. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश तिन्ही यंत्रे पकडतात आणि किमान चार उपग्रह मिळाले की अक्षांश-रेखांश सांगतात. मे 2000 पर्यंत अमेरिका सामान्य ग्राहकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक घालत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. ती चूक काढून टाकल्यावर उघड्या समुद्रात साध्या यंत्रालाही काही मीटरांच्या आत जागा कळू लागली. त्यामुळे महाग यंत्र जास्त अचूक असते, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. प्लॉटरला पैसे मोजायचे ते वेगळ्याच कारणांसाठी.

पहिले कारण वीज. मोबाइलवर नकाशा सतत चालू ठेवला तर काही तासांत बॅटरी उतरते, आणि बोट रात्रभर बाहेर असते. दुसरे कारण पाणी आणि ऊन. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही; दुपारच्या उन्हात तो दिसत नाही आणि तापला की बंद पडतो. बऱ्याच प्लॉटरना बटणे असतात, पडदा उन्हातही वाचता येतो आणि अँटेना केबिनच्या छपरावर मोकळ्या आभाळाखाली बसवता येते. नेटवर्क गेले की मोबाइलचा जीपीएसही गेला, असे अनेकांना वाटते, तसे नाही. उपग्रहांना टॉवर लागत नाही. जातो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. आधी उतरवून ठेवला तर किनाऱ्यापासून कितीही दूर चालतो.

मालवणात हा प्रश्न अधिक टोकदार होतो तो खडकांमुळे. 1664 ते 1667 या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधला. त्या किल्ल्याभोवती आणि पद्मगडाच्या बाजूला पाण्याखाली खडकांची दाटी आहे. किल्ल्याचे संरक्षण त्या खडकांनीच केले, आणि आजही बंदरात शिरणाऱ्या बोटीला सुरक्षित वाट ओळखूनच यावे लागते. जीपीएसला ‘बंदरावर चल’ म्हटले की तो सरळ रेघ ओढतो. रेघ खडकावरून जाते की खोल पाण्यातून, हे त्याला ठाऊक नसते. प्लॉटरमधल्या समुद्री नकाशावर खोली असते, पण किनाऱ्याजवळचा प्रत्येक खडक त्यात असेलच, असे धरून चालणे धोक्याचे. जाणता तांडेल म्हणून सुरक्षित वाटेने दिवसा एकदा बोट नेतो आणि त्या वाटेची खूण यंत्रात साठवतो; रात्री त्याच रेघेवरून परत येतो. प्लॉटरचे खरे मोल इथे आहे. यंत्र वाट शोधून देत नाही, माणसाने शोधलेली वाट विसरत नाही.

जुने तांडेल हेच काम डोळ्यांनी करत. किनाऱ्यावरचा डोंगर आणि देऊळ एका रेषेत आले, दुसऱ्या बाजूला दीपगृह ठरल्या जागी दिसले, की खाली खडक आहे हे कळे. वावांनी पाणी मोजून खात्री करत. ही पद्धत किनारा दिसतो तोवर उत्तम चालते. मात्र धुक्यात, पावसात किंवा दूर पाण्यात ती संपते. तिथे राहते होकायंत्र, आणि त्याला प्रवाह कळत नाही. एका नॉटचा आडवा प्रवाह पाच तासांत बोटीला पाच सागरी मैल, म्हणजे नऊ किलोमीटरहून अधिक, बाजूला नेतो. बोटीचे तोंड बरोबर दिशेला असते आणि बोट भलतीकडेच पोहोचते. हे फक्त जीपीएसवर दिसते. उलट, जाळी टाकून बोट जवळजवळ थांबलेली असते तेव्हा जीपीएसचा बाण वेडावाकडा फिरतो, कारण चालल्याशिवाय त्याला दिशा कळत नाही. म्हणून दोन्ही लागतात.

गोबरा, तांबोशी अशी मासळी खडकाळ जागी सापडते. त्या जागेचा ‘पॉइंट’ साठवला की पुढच्या खेपेस डिझेल शोधण्यात जळत नाही. जाळे फाडणाऱ्या अडचणीचा पॉइंट तर त्याहून मोलाचा. वाहत्या जाळ्याची गोष्ट निराळी. जाळे जिथे टाकले तो पॉइंट दोन तासांनी उपयोगाचा नसतो, कारण जाळे प्रवाहाबरोबर गेलेले असते.

हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडून मासळीच्या संभाव्य जागांची सूचना येते. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहाने पाहून ती तयार होते. ती वापरताना एक चूक सहज होते. 16 अंश 05 मिनिटे आणि 16.05 अंश या दोन वेगळ्या जागा आहेत. एका अंशात 60 मिनिटे असल्याने 16.05 अंश म्हणजे 16 अंश 03 मिनिटे. फरक दोन मिनिटांचा, म्हणजे दोन सागरी मैलांचा, जवळजवळ पावणेचार किलोमीटरचा. यंत्राची मांडणी आणि सूचनेतली मांडणी एकच आहे ना, हे बंदरातच तपासावे.

राज्याची हद्द किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, सुमारे 22 किलोमीटर. बाहेरच्या राज्यांतले वेगवान ट्रॉलर आत येतात, ही मालवणच्या मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. तक्रार नोंदवताना जागा आणि वेळ सांगता आली तर तिला वजन येते.

लहान होडीने किनाऱ्यालगत जाणाऱ्याला पक्क्या प्लॉटरची गरज नाही. जलरोधक पिशवीतला मोबाइल, आधी उतरवलेला नकाशा आणि चार्ज केलेली पॉवर बँक एवढे त्याला पुरते. रात्री राहणाऱ्या, किनारा नजरेआड करणाऱ्या बोटीवर मात्र प्लॉटरचा खर्च सार्थ आहे. फिश फाइंडर जोडलेला घेतला तर खोलीही त्याच पडद्यावर दिसते.

एक गोष्ट प्लॉटर करत नाही : तो स्वतःची जागा कुणाला कळवत नाही. 2017 च्या ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या 68 बोटी 952 मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. पण मोबाइलच्या टप्प्याबाहेर गेलेल्या बोटींपर्यंत इशारा पोहोचत नाही, हे त्या वादळाने दाखवून दिले. 2019 मध्ये आलेले ‘जेमिनी’ उपकरण उपग्रहावरून इशारे घेऊन मोबाइलवर दाखवते, पण बोटीकडून उत्तर पाठवू शकत नाही. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालेल्या योजनेत देशातल्या एक लाख मच्छीमार बोटींवर टप्प्याटप्प्याने इस्रोच्या तंत्राचे ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. त्यांवरून दोन्ही बाजूंनी संदेश जातो. ज्या बोटीवर ट्रान्सपाँडर नाही, तिने निघताना किनाऱ्यावरच्या माणसाला जागा आणि परतीची वेळ सांगून जावे आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक केबिनमध्ये रंगवून ठेवावा. मोबाइलचे नेटवर्क असेल तिथे तोच कामी येतो.