आजीचे नाव कोणत्या वहीत? चर्चच्या नोंदवह्या आणि आपले कुळ

मागच्या वेळी विश्रांतवाडीत याच जागी आम्ही त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांबद्दल बोललो होतो. गाव सांगा, आडनाव सांगा, गुरुजी पिढ्यांमागून पिढ्या वाचून दाखवतात. भाषण संपल्यावर एक बाई भेटल्या. त्यांचे आजोबा नगर जिल्ह्यातून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला आले होते. म्हणाल्या, "सर, आम्ही ख्रिस्ती. त्या वह्यांत आमचं काय असणार? आणि मला आजोबा ठाऊक आहेत. मला आजीचं माहेर शोधायचंय." आमच्याकडे उत्तर नव्हते. आजचे भाषण त्या प्रश्नापायी.

आधी या वह्या आल्या कुठून ते पाहू. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मगुरूने विवाहांची वही ठेवावी असा नियम केला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू वगैरेंच्या नोंदी कशा लिहायच्या तेही ठरवून दिले. पोर्तुगीजांबरोबर ही पद्धत गोव्यात आणि वसईत आली. पुण्यात नाना पेठेतल्या सिटी चर्चला १७९२ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात जागा मिळाली. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू झाले. इंग्रजी अमलातल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती विलायतेला जात; मुंबई इलाख्याच्या अशा प्रती १७०९ पासूनच्या आहेत आणि आज त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत भरणा अर्थातच युरोपियनांचा.

आता नोंदीत काय असते? बाप्तिस्म्याच्या नोंदीत साधारणपणे मुलाचे नाव, जन्माची आणि बाप्तिस्म्याची तारीख, आईवडील, राहण्याचे ठिकाण, कधी वडिलांचा धंदा, कॅथलिकांत धर्ममातापिता, आणि शेवटी धर्मगुरूची सही. जुन्या कॅथलिक वह्या लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये सापडतात. घाबरू नका. 'फिलिउस' म्हणजे मुलगा, 'फिलिया' म्हणजे मुलगी. घरचा जॉन तिथे 'जोआन्नेस' होतो, एवढे लक्षात ठेवले की निम्मे काम झाले.

आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, म्हणून एक प्रश्न विचारणारच. नोंद म्हणजे शब्दप्रमाण. नैयायिक म्हणतात, शब्द प्रमाण कधी? सांगणारा आप्त असेल तेव्हा. म्हणजे त्याला ती गोष्ट नीट माहीत असेल आणि तो खरे सांगत असेल तेव्हा. मग ही कसोटी एकेका रकान्याला लावा. बाप्तिस्मा अमुक दिवशी झाला, याला धर्मगुरू स्वतः साक्षी. जन्म अमुक दिवशी झाला, हे त्याने आईबापांकडून ऐकलेले. मृत्यूच्या नोंदीतले वय तर बहुधा अंत्यविधीला आलेल्या कुणी अंदाजाने सांगितलेले. सही एकच, पण तिच्या वरच्या प्रत्येक गोष्टीचे वजन वेगळे. वयात चार-पाच वर्षांचा फरक दिसला म्हणून माणूस दुसरा ठरत नाही. उलट नाव जुळले म्हणून माणूस तोच, असेही नाही. एका गावात एका नावाचे दोघे असतातच. बापाचे नाव, ठिकाण, साक्षीदार यांतल्या निदान दोन गोष्टी जुळेपर्यंत थांबायचे.

शोध घरापासून सुरू करा. कुटुंबाच्या बायबलची पहिली पाने, लग्नाचा दाखला, कबरीवरचा दगड. त्यातून गाव, पंथ आणि वर्षाचा अंदाज मिळतो. पंथ महत्त्वाचा, कारण वही त्या-त्या मंडळीकडे राहते. प्रोटेस्टंटांच्या बाबतीत ध्यानात ठेवा, १९७० साली कित्येक मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. पणजोबांच्या वेळचे नाव आजच्या पाटीवर असेलच असे नाही. कॅथलिकांत एक किल्ली आहे. १९०८ पासून नियम असा की, लग्न झाले की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत समासात करायची. म्हणून समास वाचल्याशिवाय पान उलटू नका. माणूस कुठल्या गावी गेला ते तिथेच कळते. आणि ही वही काही सार्वजनिक वाचनालयातले पुस्तक नव्हे. तिच्यात इतरांच्या घरच्या नाजूक गोष्टी असतात. आपले नाते सांगून लेखी अर्ज करा आणि 'साधारण अमुक ते अमुक साल' असे विचारा.

कुणी म्हणेल, धर्मांतराच्या दिवशी वंशावळ तुटते. तसे नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्याच्या मागे जायचे तर पुन्हा कोकण, पुन्हा उपाध्यायांच्या वह्या. बाप्तिस्म्याची नोंद हा दोन वह्यांमधला सांधा आहे. पण नगर जिल्ह्यातली पुष्कळ कुटुंबे अशा समाजांतली होती की ज्यांना तीर्थाच्या वहीत जागाच नव्हती. त्यांच्यापैकी अनेकांच्या पूर्वजांचे नाव, 'अमक्याचा चाकर' असे नव्हे, स्वतःचे नाव, पहिल्यांदा कागदावर आले ते या वहीत.

आता त्या बाईंकडे येऊ. वडिलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आजीचे नाव मिळाले, माहेर नाही. मग विवाहाची वही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याच्या नमुन्यात वर आणि वधू दोघांच्याही वडिलांच्या नावाचा रकाना असतो. तिथे आजीचे वडील सापडले. एका वहीने आई दिली, दुसरीने आईचा बाप. सहीच्या जागी आजीची फुली होती. ती दोन रेघांची फुली बाई बराच वेळ बघत बसल्या. नाव आम्ही इथे सांगत नाही, ते त्यांच्या घरचे.

आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनावच काय, नावसुद्धा बदलायची रीत. उपाध्यायांच्या वहीत पुरुषांची माळ लांबलचक, बायका क्वचित. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांच्या कागदपत्रांत आईचे नाव सक्तीचे केले. बाप्तिस्म्याच्या वहीत तो रकाना कितीतरी आधीपासून होता. म्हणून, मंडळी, धर्म कुठलाही असो, घरी गेल्यावर एक काम करा. आजीचे, पणजीचे माहेरचे नाव-गाव आणि ते कुणी सांगितले, हे तारीख घालून लिहून ठेवा. उद्या तीच कुणाची तरी पहिली वही असेल.

बरे, आता प्रश्न विचारा.