चुळबुळ्या, घुम्या आणि तिसरा

बहुतेक प्रत्येक वर्गात एक असा मुलगा असतो की, ज्याचे बूड बाकावर टिकत नाही. बाई फळ्यावर उदाहरण सोडवीत असतात, तेव्हा हा पेन्सिलीला टोक काढीत असतो. टोक काढता काढता खिडकीबाहेरचा कावळा दिसतो आणि उदाहरण तिथेच राहते. त्याच शाळेत एखादा दुसरा मुलगा असतो. मधल्या सुट्टीत तो एकटाच बसतो. हाक मारली तरी वर पाहत नाही. पण मध्य रेल्वेची स्थानके त्याला ओळीने पाठ असतात, आणि वेळापत्रकातला तास अचानक बदलला की तो रडकुंडीला येतो. पहिल्याला आपण 'चुळबुळ्या' म्हणतो, दुसऱ्याला 'घुम्या', आणि काही कळल्यासारखे वाटून पुढे जातो.

पहिल्यासारख्या मुलांपैकी काहींच्या बाबतीत हा नुसता खोडकरपणा नसतो. त्या अवस्थेला अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणतात. डॉक्टर लोक आद्याक्षरांवरून तिला एडीएचडी म्हणतात. दुसऱ्यासारख्या काही मुलांत आढळते ती स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम. दोन्ही अवस्थांचे मूळ मेंदूच्या वाढीत आहे, दोन्ही लहानपणापासून असतात, आणि आईबापांच्या लाडाने किंवा माराने त्या निर्माण होत नाहीत. मुलींमध्येही त्या असतात. मात्र गप्प बसून स्वप्नात हरवलेल्या मुलीकडे कोणाचे लक्ष जात नाही, इतकेच.

आता प्रश्न असा की, एकाच मुलात या दोन्ही अवस्था असू शकतील काय? प्रश्न अगदी साधा आहे. परंतु २०१३ पर्यंत कित्येक वर्षे त्याचे अधिकृत उत्तर 'नाही' असे होते.

हे असे का झाले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९०२ साली लंडन येथे जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने काही मुलांची हकीकत व्याख्यानांतून मांडली. ती बुद्धीने चांगली होती, पण त्यांना स्वतःला आवरता येत नसे. पुढे १९३७ साली अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरला एक अनपेक्षित शोध लागला. मेंदूचे क्ष-किरण चित्र घेण्याची त्या काळची एक पद्धत होती. तिच्यात मेंदूभोवतीचा द्रव काढून घेत, आणि मुलांचे डोके भयंकर दुखे. हा द्रव लवकर भरून यावा म्हणून ब्रॅडलीने मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. डोकेदुखीवर फारसा परिणाम झाला नाही. पण तीसपैकी चौदा मुलांचा अभ्यास एकदम सुधारला! मुलांनीच त्या औषधाला 'गणिताच्या गोळ्या' असे नाव दिले. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावे हे उलटेच वाटते. परंतु मेंदूचा पुढचा भाग हा मोटारीच्या ब्रेकसारखे काम करतो, आणि ही औषधे तेथे डोपामिन व नॉरएड्रिनॅलिन या रसायनांचे काम वाढवतात. म्हणजे वेग वाढतो तो ब्रेकचा, चाकांचा नव्हे. (परीक्षेच्या आदल्या रात्री अशा गोळ्या मिळवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, त्या डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घेणे धोक्याचे आहे.)

स्वमग्नतेची वाट निराळी आहे. ग्रीक भाषेतील 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून 'ऑटिझम' हा शब्द स्वित्झर्लंडमधील ब्लॉयलर याने विसाव्या शतकाच्या आरंभी बनवला, पण तो एका वेगळ्याच मनोविकाराचे वर्णन करताना. १९२५ साली ग्रून्या सुखारेवा या सोव्हिएत महिला डॉक्टरांनी सहा मुलांचे इतके अचूक वर्णन केले की, ते आजही ताजे वाटते. पण इंग्रजी वाचणाऱ्या जगाला त्याची वार्ता फार उशिरा लागली. १९४३ साली बाल्टिमोर येथील लिओ कॅनर याने अकरा मुलांवर लेख लिहिला, आणि तेथून हे नाव रूढ झाले. मराठीतला 'स्वमग्नता' हा शब्द मला थोडा फसवा वाटतो. रेल्वेची स्थानके पाठ करणारे मूल स्वतःत मग्न नसते, ते रेल्वेत मग्न असते!

अशा रीतीने दोन अवस्था दोन वाटांनी आल्या, आणि त्यांच्यावर काम करणारे तज्ज्ञही निराळे राहिले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांची संघटना निदानाची एक पुस्तिका काढते. तिचा आधार जगभर घेतला जातो. तिच्या १९९४ च्या आवृत्तीत असा नियम होता की, मूल स्वमग्न असेल आणि त्याची चंचलता त्याच ओघात दिसत असेल, तर तिचे वेगळे निदान करू नये. यामागे युक्तिवाद होता, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. हिवतापाच्या रोग्याला ताप येतो; पण म्हणून त्याला 'हिवताप' आणि 'ताप' असे दोन रोग झाले असे आपण म्हणत नाही. तद्वत चंचलता हा स्वमग्नतेचाच एक भाग असेल, असे मानले गेले.

हे गृहीत बरोबर असेल तर काय दिसायला हवे? जवळजवळ प्रत्येक स्वमग्न मुलाचे लक्ष उडालेले असायला हवे. तसे दिसत नाही. पुष्कळ स्वमग्न मुले तासन्‌तास एका कामावर बसू शकतात. बरे, मग दोन अवस्था योगायोगाने एकत्र येतात असे मानावे काय? येथे एक छोटे गणित करून पाहा. शंभर मुलांत सुमारे पाचांना अवधान-न्यूनता असते. दोन्ही अवस्थांचा परस्परांशी काही संबंध नसेल, तर शंभर स्वमग्न मुलांतही पाचांनाच ती असायला हवी. प्रत्यक्षात पुष्कळ पाहण्यांत हा आकडा तीसच्या पुढे गेलेला आढळतो. म्हणजे ती एकच अवस्था नाही, आणि निव्वळ योगायोगही नाही. दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण त्यांचे नाते जवळचे आहे.

या नियमाने नुकसान झाले ते असे. २००५ साली अमेरिकेत स्वमग्न व अतिचंचल अशा ७२ मुलांना, वय वर्षे ५ ते १४, मेथिलफेनिडेट हे औषध देऊन पाहिले. ३५ मुलांना फायदा झाला; १३ मुलांचे औषध त्रासामुळे बंद करावे लागले. केवळ अवधान-न्यूनता असलेल्या मुलांत साधारणपणे दहांपैकी सातांना या जातीच्या औषधांचा गुण येतो. म्हणजे निम्म्या मुलांना उपयोगी पडणारा, पण जपून करायचा असा हा उपचार होता. आणि पुस्तिकेप्रमाणे या मुलांना ती तक्रारच नव्हती! उलट दिशेनेही घोटाळा झाला. मुलाला आधी अतिचंचल ठरवले की त्याची स्वमग्नता झाकली जाई. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीनुसार अशा मुलांची स्वमग्नता इतरांपेक्षा सुमारे तीन वर्षे उशिरा ओळखली गेली. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात तीन वर्षे म्हणजे किती, याचा हिशेब तुम्हीच करा. मे २०१३ च्या आवृत्तीत तो नियम काढून टाकण्यात आला.

नाते आहे ते कशामुळे? याचे उत्तर बरेचसे जुळ्या भावंडांनी दिले. एकबीज जुळ्यांची जनुके सारखी असतात. द्विबीज जुळ्यांची सरासरीने निम्मी. एका जुळ्याला स्वमग्नता असेल, तर दुसऱ्याला अवधान-न्यूनता असण्याचा संभव एकबीज जुळ्यांत द्विबीज जुळ्यांपेक्षा जास्त आढळतो. घर तेच, आईबाप तेच, फरक जनुकांचा. डेन्मार्कमध्ये नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब कागदावर वाळवून जपून ठेवतात. अशा हजारो थेंबांतील जनुके तपासून २०२२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही अवस्थांना सामाईक अशा सात जागा सापडल्या. पण गंमत पुढेच आहे. आणखी पाच जागा अशा सापडल्या की, तेथील एकच बदल एका अवस्थेचा संभव वाढवतो, तर दुसरीचा कमी करतो! आणि ज्यांना दोन्ही अवस्था होत्या, त्यांच्यात दोहोंकडचा वारसा एकत्र साठलेला दिसला. अर्थात, यातील प्रत्येक बदलाचा परिणाम अगदी बारीक असतो. रक्त तपासून निदान करता येईल असे यातून निघत नाही.

तेव्हा आपला तिसरा मुलगा कसा असेल, याची कल्पना करा. त्याला सगळे ठरल्याप्रमाणे हवे असते, आणि ठरलेल्याचा कंटाळाही येतो. तो आपल्या वह्या रंगाप्रमाणे लावतो आणि त्यातली नेमकी हवी ती घरी विसरतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, हा मुद्दाम करतो.

आपल्याकडील परिस्थिती कशी आहे? देशातील पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. उत्तर गोवा हे त्यांपैकी एक ठिकाण. मेंदूच्या वाढीशी निगडित अशा नऊ अवस्था तीत तपासल्या होत्या, आणि ज्या मुलांत एक आढळली त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश मुलांत आणखीही एखादी होती. आपल्या २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकार नमूद आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन-अक्षमताही आहे. अवधान-न्यूनतेचे वेगळे नाव नाही. म्हणजे ज्याची स्वमग्नता चंचलतेखाली झाकली गेली, तो मुलगा कायद्याने मिळणाऱ्या सवलतींपासूनही दूर राहतो.

निदान करताना डॉक्टर शाळेकडून माहिती मागवतात, आणि येथे शिक्षकांचा फार उपयोग होतो. मुलगा आठवड्यात किती वेळा जागेवरून उठला, हा आकडा फारसे सांगत नाही. कंटाळून उठणारा आणि आवाज सहन न होऊन उठणारा, दोघेही त्यात सारखेच दिसतात. वहीत अशी नोंद असली तर ती डॉक्टरांना पुष्कळ सांगून जाते: बुधवारी तिसऱ्या तासाला पंखा खडखडत होता, दोनदा बाहेर गेला, शुक्रवारी पंखा बंद होता, तास संपेपर्यंत बसून राहिला.