बांगलादेशची शिलाई आणि एल. सी. चा कागद

गरीब देशाने कच्चा माल विकावा की तयार माल, हा प्रश्न पुस्तकातला वाटतो. पण बांगलादेशाला त्याचे उत्तर पोटाला चिमटा घेऊन शोधावे लागले. १९७१ साली तो देश स्वतंत्र झाला तेव्हा परदेशात विकण्याजोगा त्याच्याकडे एकच मोठा जिन्नस होता, ताग आणि तागाच्या वस्तू. पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि तागाची मागणी बसली. आज त्याच देशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे. सुमारे ४० लाख लोक या कामावर आहेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक बायका, बहुतेक खेड्यातून आलेल्या. कापूस तर तिथे नावापुरताच पिकतो. मग हे घडले कसे? आम्ही कापडवाले, म्हणून हा हिशेब धंद्याच्या बाजूने मांडतो.

१९७४ पासून श्रीमंत देशांनी एका कराराखाली कोरिया, हाँगकाँग वगैरे देशांच्या कपड्यांवर कोटा बसवला. बांगलादेशवर कोटा नव्हता, कारण त्याच्याकडे विकायला कपडेच नव्हते! कोरियाच्या देवू कंपनीने ही फट हेरली. माजी सरकारी अधिकारी नुरुल कादर यांच्या देश गारमेंट्सशी तिने करार केला आणि १९७९ मध्ये १३० जण शिकायला कोरियाला गेले. पुढच्या काही वर्षांत त्यांतले ११५ जण देश गारमेंट्स सोडून गेले. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाला ते जड गेले असेल, पण हुनर गावोगाव पसरले ते असे.

मात्र नुसत्या हुनरावर कारखाना चालत नाही, भांडवल लागते. इथे कामी आली ती पाठोपाठची एल. सी. आमच्याकडे भिवंडीत पुष्कळ यंत्रमागवाले सूत उधारीवर उचलतात आणि कापड विकले गेले की चुकते करतात. ही रीत तीच आहे, फरक इतकाच की जामीन बँक राहते. समजा, परदेशी गिऱ्हाइकाने १०० डॉलरच्या शर्टांची एल. सी. उघडली. कारखानदाराकडे कापडाला पैसा नाही. त्याची बँक ती एल. सी. तारण धरते आणि तिच्या जोरावर कापडवाल्याच्या नावे ७०-७५ डॉलरची दुसरी, मुदतीची एल. सी. उघडते. कापड, बटणे, चेन सारे येते आणि बाँडेड गोदामात उतरते, म्हणजे त्यावर जकात नाही. अट एवढीच की ते शिवून बाहेरच गेले पाहिजे. शर्ट रवाना होतात, पैसा येतो, बँक आधी कापडवाल्याचे देणे फेडते आणि उरलेले कारखानदाराच्या हाती देते. खिशात फारसे काही नसलेला माणूस निर्यातदार झाला तो या दोन कागदांवर.

उरलेल्या २५-३० डॉलरमध्ये भाडे, वीज, नफा आणि पगार. रक्कम लहान दिसते, पण शिलाईच्या कामात यंत्रापेक्षा माणसे जास्त लागतात, त्यामुळे तिच्यातून पुष्कळ घरांत चूल पेटते. पुढे तिथेच सूतगिरण्या आणि होजिअरीचे कारखाने निघाले, तेव्हा देशात राहणारा हिस्साही वाढला. कारखान्यांच्या आसपासच्या गावांत मुलींची लग्ने उशिरा होऊ लागली आणि त्या शाळेत अधिक वर्षे राहू लागल्या, असेही अभ्यासकांना आढळले आहे. सरकारी पाहणीप्रमाणे १९९१-९२ मध्ये ५६.७ टक्के लोक गरिबीत होते, २०२२ मध्ये १८.७ टक्के. याचे सारे श्रेय शिलाईला देता येणार नाही. भाताचे वाढलेले पीक आहे, आखातातून येणारा पैसा आहे.

आणि व्यापार आपोआप कोणाचे भले करत नाही. किमान पगार १९९४ मध्ये ९३० टका ठरला तो २००६ पर्यंत तसाच राहिला. या बारा वर्षांत निर्यात मात्र कितीतरी पटींनी वाढली. २४ एप्रिल २०१३ रोजी सावर येथील राणा प्लाझा कोसळला आणि १,१०० हून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावले गेले. माल वेळेवर पोहोचवायचा होता. त्यानंतर परदेशी कंपन्यांना करार करून इमारतींची तपासणी मान्य करावी लागली आणि त्याच वर्षी किमान पगार ५,३०० टका झाला. २०२३ मध्ये तो १२,५०० वर गेला, तोही मोर्चे निघाल्यावर, आणि त्यात कामगारांचे जीव गेले.

२००५ मध्ये कोटा संपला तेव्हा चीनपुढे हा धंदा बुडेल असे पुष्कळांनी म्हटले होते. तो टिकला. स्वस्त मजुरी होती आणि युरोपात अतिगरीब देशांना मिळणारी जकातमाफीही होती. त्या यादीतून बांगलादेशाने बाहेर पडावे यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये नोव्हेंबर २०२६ ही मुदत ठरवून दिली. यादीतून बाहेर पडल्यावर युरोपची माफी आणखी तीन वर्षे चालते. त्यानंतर नवी सवलत पदरात पाडून घेता आली नाही, तर कपड्यांवर साधारण १२ टक्के जकात लागेल. गिऱ्हाईक हा भार सुखाने उचलत नाही, हे आम्ही रोज पाहतो. कापडाचे ७०-७५ डॉलर तर आधीच बांधलेले असतात. मग ही जकात निघणार ती उरलेल्या २५-३० डॉलरमधूनच, आणि त्यातच मशीनवर बसलेल्या बाईचा पगार आहे.