एक वाडा, अनेक बिऱ्हाडे : डेटाबेस कोठे ठेवावा?

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला हा पैनगंगेच्या काठचा, घरोघर मराठी बोलली जाणारा भाग. एकेकाळी पटवाऱ्याच्या दप्तरात असणारी येथील शेताची नोंद आता राज्याच्या डेटाबेसमध्ये असते. २९ ऑक्टोबर २०२० रोजी तेलंगणात ‘धरणी’ ही भूनोंदणी सुरू झाली. २०२५ साली तिची जागा ‘भूभारती’ने घेतली. अशा वेळी पेरणीच्या तोंडावर सर्व्हर अडला, तर कर्जासाठी आलेल्या शेतकऱ्याचा दिवस बुडतो. म्हणून डेटाबेस कोणत्या यंत्रावर ठेवावा, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

याचे मार्ग दोन. पहिला, संपूर्ण यंत्र एकट्या डेटाबेसला देणे. दुसरा, एका यंत्रावर हायपरव्हायझर नावाची प्रणाली बसवून त्याची अनेक आभासी यंत्रे करणे. पहिले स्वतंत्र घर, तर दुसरा बिऱ्हाडांचा वाडा. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्येच मोठ्या संगणकांसाठी ती बाजारात आणली होती. बरीच यंत्रे दिवसाचा पुष्कळ वेळ रिकामी असतात. त्यामुळे वाड्यात जागा, वीज व पैसा वाचतो. शिवाय आभासी यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर चालू स्थितीतच हलविता येते.

मग डेटाबेसचीच एवढी काळजी का? कारण ‘नोंद झाली’ असे सांगण्यापूर्वी त्याला ती डिस्कवर पक्की लिहावी लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क एक फेरा सुमारे ८ मिलिसेकंदांत पुरा करते. विखुरलेली कामे ती सेकंदाला शंभराच्या आसपासच उरकते. हा एकच नळ दहा बिऱ्हाडांनी वापरला, तर रांग लागणारच. फ्लॅश डिस्कमुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली, पण नाहीशी झाली नाही. स्मृतीचेही तसेच. असलेल्या स्मृतीपेक्षा अधिक वाटप केले, की ओढाताणीत डेटाबेस मंदावतो.

तेव्हा निवड मोजमापावर करावी. महाविद्यालयाचे ग्रंथालय किंवा परीक्षा विभाग यांच्या डेटाबेसला आभासी यंत्र सहसा पुरते. मात्र त्याची स्मृती राखून ठेवावी. दिवसभर अखंड भार असेल, विलंब मुळीच चालत नसेल, तर स्वतंत्र यंत्र बरे. काही डेटाबेसचा परवाना मूळ यंत्रातील सर्व प्रोसेसर मोजून आकारला जातो. तेथे वाड्यातील काटकसर फसवी ठरते.

एक चूक मात्र टाळावी. मूळ डेटाबेस व त्याची जोडप्रत ही दोन आभासी यंत्रे एकाच सर्व्हरवर ठेवली, तर तो बंद पडताच दोन्ही एकदमच जातात. चोराच्या भीतीने दोन किल्ल्या करून त्या एकाच खिशात ठेवण्यासारखे ते आहे. जोडप्रत दुसऱ्या यंत्रावर असावी, राखीव प्रत दुसऱ्या गावी असावी आणि ती खरोखर परत उभी राहते की नाही, हे अधूनमधून पाहावे. घर स्वतंत्र असो वा वाड्यातले, एवढी दक्षता चुकत नाही.