धोका रक्तात किती आणि रस्त्यात किती?

एच.आय.व्ही. असलेल्या माणसाला कोविड लवकर जडतो, असा समज २०२० च्या साथीत सर्वत्र होता. तो तर्काला सोडून होता असेही नाही. प्रतिकारशक्ती आधीच खचलेली. नव्या विषाणूला अडवणार कोण? परंतु स्पेनमध्ये नियमित औषधे घेणाऱ्या ७७,५९० बाधितांची पाहणी झाली, तेव्हा पहिल्या लाटेत त्यांपैकी अवघ्या २३६ जणांना कोविडचे निदान झालेले आढळले. इतर लोकांतील प्रमाणापेक्षा हे अधिक नव्हते.

यावरून एच.आय.व्ही. निरुपद्रवी ठरत नाही. लागण होणे वेगळे आणि लागणीनंतर दगावणे वेगळे. हा भेद आपल्या चर्चेत क्वचितच पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, रुग्णालयात दाखल झालेल्या बाधितांमध्ये आजार गंभीर होण्याचा वा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी अधिक होता. त्यातही वय पासष्टीपुढचे, मधुमेह किंवा रक्तदाब सोबतीला, अशांचे हाल विशेष. ही माहिती बहुतांशी दक्षिण आफ्रिकेतील होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण क्षय आणि दारिद्र्य यांच्या बाबतीत आपले साम्य स्पेनपेक्षा त्या देशाशीच अधिक आहे. तेथील पाहण्यांत क्षय हा मोठा धोका ठरला. सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेलेल्यांची स्थिती अधिक नाजूक होती. विषाणू आटोक्यात नसलेल्या एका रुग्णाच्या शरीरात तर करोना २१६ दिवस टिकून राहिल्याची नोंद आहे.

तेव्हा खरा प्रश्न असा, की गोळी कोणाची चुकली नाही? येथे आपल्याला खानदेशात यावे लागते.

जळगाव आणि धुळे येथे शासकीय ए.आर.टी. केंद्रे आहेत, औषध मोफत मिळते. परंतु सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून तेथे पोचायचे तर भरवसा एस.टी.चा. शिवाय ओळखीचे कोणी पाहू नये म्हणून आपले केंद्र सोडून शेजारच्या जिल्ह्यातून गोळ्या आणणारी माणसे सगळीकडेच असतात. लपवाछपवीची ही किंमत एरवी बसच्या तिकिटात भागत असे. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी आली आणि जिल्ह्याची हद्द ही भिंत झाली. एस.टी.ची आंतरजिल्हा वाहतूक पुन्हा सुरू व्हायला २० ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात परवान्यासाठी कारण सांगावे लागे, आणि नेमके तेच सांगायचे नसे!

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची आणि जवळच्या कोणत्याही केंद्रातून औषध घेऊ देण्याची मुभा दिली, हे शहाणपणाचे झाले. परंतु जवळच्या केंद्राचीच ज्याला भीती, त्याला या सवलतीचा उपयोग किती? त्यात २०२० च्या जूनमध्ये जळगावचा कोविड-मृत्युदर देशाच्या सरासरीहून पुष्कळ वर होता. अशा दिवसांत सरकारी रुग्णालयाच्या आवारात पाऊल टाकण्याची धास्ती धडधाकट माणसालाही वाटावी. क्षयाच्या तपासणीचेही तेच झाले. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. रोग घटला नव्हता, रुग्ण दारापर्यंत आले नव्हते.

पुढे लस आली. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांना ती खुली झाली आणि त्या यादीत एच.आय.व्ही.चा समावेश होता. हेतू उत्तमच. अट मात्र डॉक्टरच्या प्रमाणपत्राची. तालुक्याच्या गावी, लसीकरणाच्या टेबलाशी बसलेला कर्मचारी बहुधा गावातलाच, आणि पाठीमागे रांग. संमतीशिवाय कोणाचा एच.आय.व्ही. उघड करू नये, असा २०१७ चा कायदा आहे. सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आहे. पण रांगेत स्वतःच पुढे केलेल्या कागदाला कायदा काय करणार? महिन्याभरात, १ एप्रिलपासून, पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना प्रमाणपत्राशिवाय लस मिळू लागली. तिशी-चाळिशीतल्या बाधितांसाठी मात्र त्या यादीत जागाच नव्हती. त्यांची पाळी १ मेपासून आली. तोवर दुसरी लाट खानदेशात येऊन ठेपली होती.