भांड्यावरचं नाव

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्याचा हंडा किंवा पितळेची परात घेतली की वजन होतं, भाव ठरतो, पैसे चुकते होतात आणि मग दुकानदार विचारतो, ‘नाव काय घालायचं?’ हा प्रश्न ऐकून गिऱ्हाईक थोडं सावरून उभं राहतं. इतका वेळ घासाघीस करणारी माणसं आता एकमेकांशी हळू आवाजात बोलून मजकूर ठरवतात. कुणाचं नाव आधी, तारीख लग्नाची की साखरपुड्याची, ‘सप्रेम भेट’ लिहायचं की नाही.

नाव घालणाऱ्याकडे हत्यारं दोनच असतात, बोटभर लांबीची पोलादी छिन्नी आणि हलकी हातोडी. तो मांडी घालून बसतो, गुडघ्यावर गोणपाटाची घडी ठेवतो आणि भांडं त्यावर आडवं घेतो. छिन्नी अंगठा आणि दोन बोटांत धरलेली, करंगळी धातूवर टेकलेली. हातोडी मनगटातूनच चालते, कोपर जवळपास हलत नाही. प्रत्येक ठोक्याला छिन्नी केसभर पुढे सरकते आणि बारीक तुटक घावांची एक रेघ उमटत जाते. धातू फारसा कापला जात नाही, तो बाजूला दाबला जातो. म्हणून ताज्या अक्षरावरून बोट फिरवलं की दोन्ही कडा किंचित खरखरीत लागतात.

वळण घेताना छिन्नीपेक्षा भांडंच जास्त फिरतं. ‘क’ची गाठ, ‘ळ’चे दोन वाटोळे, ‘श्री’चा झोका हे सगळं डाव्या हाताच्या फिरवण्यावर अवलंबून असतं. सरळ रेघ सोपी वाटते, पण गोल भांड्यावर तीच दगा देते. शिरोरेघ जराशी तिरकी गेली तर ओळीच्या शेवटी सगळं नाव उतरणीला लागतं. त्यासाठी काठ हाच आधार. कारागिराची नजर अक्षरावर असते आणि काठावरही. इथे खोडरबर नाही, चुकलेला घाव पुसता येत नाही. म्हणूनच तो आधी कागद पुढे करतो. ‘ताई, लिहूनच द्या. कीर्तीची की पहिली का दुसरी?’ व्याकरणाची एवढी काळजी घेणारं दुसरं दुकान त्या गल्लीत सापडणार नाही.

प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा. तांबं मऊ, छिन्नीला लगेच वाट देतं. पण ठोकून घडवलेलं तांबं ठोक्यांनीच ताठ होतं, आणि मठारलेल्या भांड्यावर हातोडीचे चकाकते ठसे असतात. त्या उंचसखल अंगावर अक्षर विस्कटतं, म्हणून गळ्याजवळची गुळगुळीत पट्टी शोधायची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ते तांब्याहून कणखर असल्याने घाव स्वच्छ, धारदार पडतो. जुनी उत्तम अक्षरं पितळेवर जास्त दिसतात, ती यामुळेही असावीत. स्टील मात्र छिन्नीला जुमानत नाही. त्यावर अक्षर बारीक आणि उथळ येतं, उजेडात तिरकं धरल्याशिवाय वाचता येत नाही.

स्टीलसोबत विजेवर थरथरणारी लेखणी आली. तिने ठोक्यांचा आवाज गेला, वेग वाढला आणि अक्षर एकसारख्या जाडीचं झालं. आता लेसरही आहे. संगणकावर नाव टाकायचं, फाँट निवडायचा, काही सेकंदांत काम होतं. स्टीलवर ते सुबक काळं उमटतं. तांबं मात्र या किरणांचा मोठा भाग परतवून लावतं, त्यामुळे त्यावर लेसरला जास्त ताकद लागते. लेसरचं काम नीटनेटकं असतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण छिन्नीच्या अक्षरात एका माणसाचा हात दिसतो. एकाच घरातल्या चार भांड्यांवर चार वळणांची अक्षरं असतात, आणि ती कोणाची हे घरात कुणालाच माहीत नसतं.

नाव घालण्याचं व्यवहारी कारण सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न-मुंजीला शेजारपाजाऱ्यांची पातेली, घंगाळी, पराती गोळा व्हायच्या, कार्य आटोपल्यावर ज्याची त्याला परत जायला हवीत. पण हरवू नये एवढंच हवं असतं, तर दोन अक्षरंही पुरली असती. लोकांनी त्याहून पुष्कळ लिहून घेतलं. कुणी दिलं, कुणाला दिलं, कशानिमित्त, कोणत्या तारखेला. ‘कै.’ लिहून आईच्या स्मरणार्थ वाटलेल्या वाट्या, ‘चि.’ लिहून बारशाला आलेला तांब्या.

याच शहरालगत पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यातल्या खोल्यांच्या दारांवर ब्राह्मी लिपीत असाच मजकूर आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. क्षहरात क्षत्रप नहपानाची मुलगी, दिनीकपुत्र उषवदाताची पत्नी दक्षमित्रा, तिने ही ओवरी दान दिली. कुणाची लेक, कुणाची बायको, स्वतःचं नाव आणि दिलेली वस्तू. आजीच्या हंड्यावरचा मजकूरही याच क्रमाने जातो. दक्षमित्रा राजकन्या होती, तिला दगड मिळाला. सातबारा, दुकानाची पाटी, घराचं दार यांवर ज्यांचं नाव क्वचित आलं, अशा असंख्य बायकांना पितळ मिळालं. कधी माहेरचं नाव, कधी सासरचं, पण तारखेसकट कोरलेलं.

आणि हेच पितळ रोज मोडीत जातं. जुनी भांडी तराजूवर चढतात, घट धरून भाव होतो, नंतर ती भट्टीत वितळतात. वजनाचे पैसे मिळतात, मजकुराचे मिळत नाहीत. जागा नसते, कल्हईवाला सापडत नाही, जड पातेलं उचलवत नाही, या अडचणी खऱ्या आहेत. भांडं ठेवायलाच हवं असा आग्रह मी धरणार नाही. पण मोडीत देण्याआधी चिंच-मीठ लावून एकदा घासा, उजेडात तिरकं धरा, नाव आणि तारीख वहीत उतरवून घ्या, फोटो काढा. अनेक घरांत पणजीच्या लग्नाची तारीख तेवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेली असते.

नवं भांडं घेताना दुकानदाराच्या त्या प्रश्नाला घाईने आडनाव सांगू नका. ज्या बाईला ते देणार, तिचं पूर्ण नाव, गाव आणि सन घाला. चार अक्षरांचे पैसे जास्त जातील, ते जाऊ द्यावेत.