विश्लेषण : देव दयाळू, मग मृत्यूनंतर शिक्षा का? ज्यू परंपरेचे उत्तर काय?

जालन्याहून मुंबईला जाणारी रेल्वे सीएसएमटीला पोहोचण्याआधी मशीद स्थानक ओलांडते. हे नाव जवळच्या ज्यू प्रार्थनास्थळावरून पडले, असे सांगितले जाते. मराठी भाषक बेने इस्रायल समाजातील सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये ते उभारले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याची कृतज्ञता त्यामागे होती, अशी या समाजात आठवण आहे. त्याचे हिब्रू नाव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. मात्र, हाच धर्म मृत्यूनंतरच्या शिक्षेबद्दलही बोलतो. या दोन्हींचा मेळ कसा घातला जातो?

शिक्षा कुठे आणि किती काळ?

शिक्षेच्या जागेला हिब्रूत ‘गेहिन्नोम’ म्हणतात. मुळात हे जेरुसलेमच्या एका दरीचे नाव. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथात दुष्टांच्या शिक्षेची मुदत १२ महिने असल्याचे मत नोंदवले आहे. त्यामुळे बहुतेकांसाठी गेहिन्नोम ही कायमची कोठडी नसून आत्मा शुद्ध होण्याची जागा मानली जाते. अर्थात, काही घोर पाप्यांना ही सवलत नाही, असेही तालमूदमध्ये म्हटले आहे.

पाप-पुण्य सारखेच असेल तर?

यावर प्राचीन काळीच वाद झाला. असे लोक गेहिन्नोममध्ये उतरतात आणि तेथून वर येतात, असे शम्माय यांच्या अनुयायांचे मत. हिलेल यांच्या अनुयायांनी ते नाकारले. देव दयाळू असल्याने तराजू दयेच्या बाजूला झुकवतो, असे ते म्हणत.

प्रार्थना ११ महिनेच का?

आई-वडिलांच्या निधनानंतर मुलगा ‘कद्दिश’ ही प्रार्थना म्हणतो. त्यात मृत्यूचा उल्लेखही नसतो; असते ती देवाची स्तुती. तिने मृताच्या आत्म्याला आधार मिळतो, अशी श्रद्धा आहे. अनेक ठिकाणी ती ११ महिन्यांनी थांबवतात. पूर्ण १२ महिने म्हटली, तर आपले आई-वडील दुष्टांत मोडत होते, असे मुलानेच मान्य केल्यासारखे होईल. वर्षश्राद्ध करणाऱ्या घरांना वर्षभराचा हिशेब परिचित आहे; इथे एक महिना कमी करण्यातच मान राखला जातो.

आज अडचण काय?

कद्दिश एकट्याने म्हणता येत नाही. त्यासाठी दहा प्रौढांची उपस्थिती लागते. परंपरेने हे दहा पुरुष असतात. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर बेने इस्रायल समाजातील बहुतेक कुटुंबे तिकडे स्थलांतरित झाली. कोकणातील जुन्या प्रार्थनास्थळांत आज दहा जण जमवणेही कठीण जाते. वडिलांसाठी प्रार्थना करायची, तर मुलाला आधी आणखी नऊ जण शोधावे लागतात.